आदळआपटीचा नाताळ

कपड्यांची इस्त्री, रंगाचे दोन डबे, एक पंखा, उशीतली पिसे, नाताळच्या झाडावर टांगायचे काचेचे गोळे, खेळण्यातल्या छोट्या मोटारी, डांबर, एक खिळा आणि शेगडीतले कोळसे पेटवायची विजेची कांडी. १९९०च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झालेल्या ‘होम अलोन’मध्ये आठ वर्षांचा केव्हिन मॅकॅलिस्टर दोन घरफोड्यांना ज्या सामग्रीने लोळवतो, ती साधारण एवढीच आहे. छऱ्यांची एक बंदूक सोडली, तर तिच्यात शस्त्र म्हणावे असे काहीही नाही. सण साजरा करण्यासाठी, घर नीटनेटके ठेवण्यासाठी किंवा मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी मोठ्या माणसांनी विकत आणलेल्या या वस्तू आहेत, आणि त्या कुणाच्या तरी कपाळावर आदळताना पाहून तीन दशकांहून अधिक काळ दर डिसेंबरात असंख्य घरांतून लोक हसत आले आहेत.

या चित्रपटाच्या टिकाऊपणाचे श्रेय सहसा त्याच्या शेवटाला दिले जाते. आई परत येते, मुलगा तिच्या गळ्यात पडतो, शेजारचा एकाकी म्हातारा आपल्या दुरावलेल्या मुलाला आणि नातीला जवळ घेतो, बाहेर बर्फ पडत असतो आणि जॉन विल्यम्स यांचे संगीत डोळे ओले करते. म्हणजे कुटुंबप्रेमाचा गोड पाक आणि त्यात चवीपुरती हाणामारी. मला हे स्पष्टीकरण कधीच पटलेले नाही. डोळे ओले करणारे नाताळपट दरवर्षी ढिगाने निघतात आणि पुढच्या वर्षी कुणाला आठवतही नाहीत. टिकतात ते आदळआपटीचे. माझ्या मते याचे कारण सणाच्या स्वभावातच आहे. नाताळ हा घराचा सण आहे, आणि घराचा सण म्हणजे घराचे ओझेही आलेच: सजावट, स्वयंपाक, पाहुणे, झोपायच्या जागा, भेटी, खर्च, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आनंदी दिसण्याची सक्ती. नाताळातला विनोद या ओझ्याचा सूड घेतो, आणि तो घेण्यासाठी बाहेरून काहीही आणत नाही. सणाचेच सामान सणावर उलटवतो.

‘होम अलोन’चा पहिला भाग या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. पॅरिसला निघायच्या आदल्या रात्री त्या घरात चार मोठी माणसे आणि अकरा मुले असतात, आणि वातावरण थेट लग्नघराच्या आदल्या रात्रीसारखे असते: कुणाला कुणाची बॅग सापडत नाही, पाहुणे मुलांवर खेकसतात, पिझ्झावाला १२२.५० डॉलरच्या बिलासाठी दारात ताटकळतो, आणि भावंडांत धाकट्या केव्हिनला त्याच्या वाट्याचा पिझ्झाही मिळत नाही. चिडून तो भावाच्या अंगावर जातो, दूध सांडते, पासपोर्ट भिजतात, आणि शिक्षा म्हणून त्याची रवानगी माळ्यावर होते. सकाळी डोकी मोजताना शेजारचा आगंतुक मुलगाही मोजला जातो आणि केव्हिन मागे राहतो. पोराला विसरून कुटुंब विमानात बसते ही गोष्ट क्रूर असली तरी पटते, कारण त्या रात्रीच्या गोंधळात कुणीही विसरले गेले असते. पटकथाकार जॉन ह्यूज यांची पकड इथे दिसते. चोर घरात शिरण्याच्या कितीतरी आधी सण घरात शिरलेला असतो, आणि त्यानेच घराची पहिली मोडतोड केलेली असते.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. भारतातून पाहुणे आले की शहरातले उंच मनोरे आणि सरोवर यांच्यानंतर विनेट्का गावातल्या लिंकन अव्हेन्यूवरचे ‘ते’ घर दाखवण्याची फर्माईश हमखास होते. लाल विटांचे, नीट समतोल राखून बांधलेले, पांढऱ्या खिडक्यांचे घर. रस्त्यावर उभे राहून फोटो काढायचा आणि परतायचे, कारण आत माणसे राहतात. पाहुण्यांना मी आवर्जून सांगते की आतली बहुतेक दृश्ये या घरात घडलेलीच नाहीत. जवळच्या नॉर्थफील्डमधल्या एका बंद पडलेल्या हायस्कूलच्या व्यायामशाळेत घराचा अंतर्भाग उभारला होता, आणि शेजाऱ्यांच्या तळघरात पाणी भरल्याचे दृश्य त्याच शाळेच्या पोहण्याच्या तलावात घेतले होते. पाहुण्यांना हे ऐकून किंचित वाईट वाटते. मला मात्र त्या नेपथ्याचे कौतुक वाटते, कारण भिंतीवरच्या कागदापासून पडदे, गालिचे आणि स्वयंपाकघरातल्या सामानापर्यंत सगळीकडे लाल आणि हिरवा हे दोनच रंग आलटून पालटून पेरलेले आहेत. घर इतके सजलेले आहे की ते जणू स्वतःच सण झाले आहे. असे घर पाहिले की त्याला कुठेतरी धक्का लागावा असे वाटू लागते, आणि चित्रपटाचा सगळा धंदा त्या वाटण्यावर चालतो.

धंदा चाललाही तसाच. सुमारे १.८ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात ४७ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि अमेरिकेत सलग १२ आठवडे तो पहिल्या क्रमांकावर राहिला, म्हणजे नाताळ संपून, झाडे रस्त्याकडेला टाकून झाल्यावरही लोक तो पाहत होते. आधी वॉर्नर ब्रदर्सने खर्च वाढतो म्हणून तो सोडून दिला होता. मग तो फॉक्सने उचलला. २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. एवढे आकडे पुरेत.

नाताळात कुणाला तरी पाडून हसण्याची रीत मात्र हॉलिवूडची नाही. तिचे मूळ लंडनच्या रंगभूमीवर आहे. २९ डिसेंबर १८०६ रोजी कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ‘हार्लेक्विन अँड मदर गूस’ हा खेळ सुरू झाला आणि त्यातल्या जोसेफ ग्रिमाल्डी या विदूषकाने लंडनला वेड लावले. नाताळच्या मोसमातल्या या खेळांना पँटोमाइम म्हणतात. त्या काळी त्यांची सुरुवात एखाद्या परीकथेने होई, आणि मग त्याच पात्रांचे रूपांतर होऊन हार्लेक्विन, त्याची प्रेयसी कोलंबाइन, तिचा म्हातारा पालक पँटलून आणि त्याचा नोकर क्लाउन यांची लांबलचक पाठलागाची धमाल सुरू होई. क्लाउन दुकानांतून सॉसेजच्या माळा पळवी, रस्त्यावर लोणी फासून जाणाऱ्यायेणाऱ्याला घसरून पाडी, आणि चुलीत लाल होईतो तापवलेली सळई लोकांच्या पाठीला लावी. सणाच्या मेजवानीचेच पदार्थ, चुलीचीच सळई. १८० वर्षांनंतर हॅरी नावाचा चोर मॅकॅलिस्टरांच्या दाराची लाल तापलेली मूठ धरतो आणि तिच्यावरचे ‘एम’ अक्षर त्याच्या तळहातावर उमटते, तेव्हा मला तीच सळई दिसते. ह्यूज आणि दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांनी ग्रिमाल्डीचा अभ्यास केला होता असे मी म्हणत नाही. घर, चूल, मेजवानी आणि हावरट माणूस एकत्र आले की विनोद त्याच वाटेने जातो, एवढेच.

इंग्लंडमध्ये पँटोमाइम अजूनही जिवंत आहे. आजच्या खेळात हार्लेक्विन नाहीसा झाला आहे, पण भिंतींना कागद चिकटवताना किंवा केक बनवताना रंगमंचभर खळ आणि पीठ उडवण्याचा प्रवेश असतोच, आणि खलनायक मागून येतो तेव्हा ‘तुझ्या मागे बघ’ असे ओरडण्याचा मुलांचा हक्क कुणी काढून घेऊ शकत नाही. या ओरडण्याकडे मी पुढे पुन्हा येईन.

ह्यूज यांनीच लिहिलेला १९८९चा ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’ हा या घराण्यातला दुसरा मोठा चित्रपट. त्यात चोरच नाहीत. क्लार्क ग्रिझवोल्ड नावाचा कर्ता पुरुष ‘जुन्या पद्धतीचा, झकास कौटुंबिक नाताळ’ साजरा करायचे ठरवतो, आणि तेवढ्यानेच घराचा विध्वंस होतो. २५,००० दिवे तो स्वतः छपरावर चढून लावतो आणि ते पेटत नाहीत; पेटतात तेव्हा शेजाऱ्यांचे डोळे दिपून ते घरातच धडपडतात. झाडातून खार निघते, टर्की सुरी लागताच फुसकन फुटते, आणि न बोलावलेला चुलत मेहुणा फिरत्या घरासह दारात येऊन मुक्काम ठोकतो. हा चित्रपट मला ‘होम अलोन’पेक्षा खरा वाटतो आणि तरी कमी आवडतो. खरा यासाठी की सणाच्या हट्टाने पछाडलेला घरमालक हाच तिथे घरावरचा दरोडेखोर आहे. कमी आवडतो यासाठी की त्यातले प्रसंग सुटे सुटे आहेत, एका पडण्यातून दुसरे पडणे उगवत नाही.

कारण पडण्यालाही रचना लागते. जुन्या हार्लेक्विनच्या हातात दोन पट्ट्या जोडलेली लाकडी फळी असे. ती मारली की पट्ट्या एकमेकींवर आपटून ठणठणीत आवाज होई, मार मात्र नाममात्र लागे. आदळआपटीच्या विनोदाचे सगळे तंत्र या फळीत आहे. आवाज दुखण्यापेक्षा मोठा हवा, आणि दुखणे दिसले तरी टिकता कामा नये. ‘होम अलोन’मध्ये हॅरीच्या टोपीला आग लागते आणि त्याच्या टाळूवरचे केस जळतात, पण पुढच्या दृश्यात तो पुन्हा शिव्या पुटपुटत चालू लागतो. हॅरी झालेले ज्यो पेशी हे त्याच वर्षी, या चित्रपटाच्या दोनच महिने आधी, ‘गुडफेलाज’मध्ये एका खुनशी गुंडाच्या भूमिकेत दिसले होते आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. तिथे गोळीने माणसे खरोखर मरतात. त्याच चेहऱ्याच्या माणसाला इथे काहीच कायमचे होत नाही, आणि ज्या प्रेक्षकांनी दोन्ही पाहिले असतील त्यांना या सुटकेची गंमत दुप्पट आली असणार.

पडद्यामागे मात्र शरीरे खरी होती. ट्रॉय ब्राउन आणि लिऑन डिलेनी या दोन स्टंटकलाकारांनी हॅरी आणि त्याचा जोडीदार मार्व्ह यांच्या वतीने त्या उड्या, घसरणी आणि उताणे पडणे केले. संगणकाने पडण्याची सोय करून देणारा काळ अजून यायचा होता. गोठलेल्या पायऱ्यांवरून पाठीवर आपटणारा माणूस म्हणजे खरोखरच हवेत जाऊन पाठीवर येणारा माणूस. काचेच्या गोळ्यांवरून अनवाणी चालणाऱ्या मार्व्हला, म्हणजे डॅनियल स्टर्न यांना, रबराचे पाय घातले होते, पण आदळण्याला रबर चालत नाही. ग्रिमाल्डीचेही असेच झाले. वर्षानुवर्षे पडून पडून त्याचे शरीर इतके मोडले की पन्नाशीच्या आत, १८२८ मध्ये, त्याला निरोपाचा खेळ करावा लागला. पुढे त्याच्या आठवणींचे पुस्तक संपादित केले ते तरुण चार्ल्स डिकन्स यांनी, म्हणजे नाताळाच्या कथांशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्याच लेखकाने. हसणाऱ्याला याची खबर नसते, आणि नसावीच. तरीही संगणकाने रचलेले पडणे आणि माणसाचे पडणे यांतला फरक डोळ्यांना कळतो. वजन कळते. नव्या नाताळपटांतली माणसे हवेत फेकली जातात तेव्हा ती कागदाची वाटतात, आणि कागद पडला म्हणून कोण हसेल?

एका हिवाळ्यात आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. तिचे इंग्रजी दुकानातल्या पाट्यांपुरते. नाताळच्या सुट्टीत नातवंडांनी ‘होम अलोन’ लावला तेव्हा ती विणकाम घेऊन बसली होती, आणि पहिला तासभर तिने मान वर केली नाही. मार्व्ह तळघरात उतरला आणि तिने सुया खाली ठेवल्या. दोनच दिवसांनी मुलांनी तोच चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा अंधारात चाचपडणाऱ्या मार्व्हने वरून लोंबणाऱ्या दोरीला हात घालताच ती ओरडली, “ओढू नकोस रे मेल्या ती दोरी, इस्त्री येतीय!” त्याने ओढली, कपडे खाली टाकायच्या बोगद्यातून इस्त्री आली, आणि आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. लंडनच्या नाट्यगृहातली मुले ‘तुझ्या मागे बघ’ म्हणून ओरडतात ते याहून वेगळे नाही. चित्रपट संपल्यावर तिने मला विचारले, “आणि अगं, हे सगळं आवरलं कोणी?” मी सांगितले की त्या मुलानेच रातोरात आवरले, सकाळी वडिलांना फक्त चोराचा सोन्याचा दात तेवढा सापडतो. ती म्हणाली, “मग गुणी आहे पोरगं.” दोन चोरांना त्याने जवळजवळ मारले होते याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. डोळ्यांत पाणी येणे, खांदे आणि डोके हलणे, हाताने कुशी धरणे ही लक्षणे शेवटच्या दोन प्रकारांत येतात. माझी आई त्या रात्री शास्त्राप्रमाणे अधमांत जमा झाली, आणि तिच्यासोबत तिचा जावई आणि नातवंडेही. नाताळच्या चित्रपटाचे हे मला मोठेच काम वाटते. शाब्दिक विनोदावर एका घरातले सगळे कधीच एकदम हसत नाहीत. कुणाला भाषा येत नाही, कुणाला संदर्भ लागत नाही, कुणाला तो वात्रट वाटतो, आणि घरात चार पिढ्यांची माणसे जमली असतील तर एखादा तरी हटकून दुखावतो. इस्त्री कपाळावर पडण्याला भाषाही लागत नाही आणि संदर्भही. सणासाठी सक्तीने एका खोलीत बसलेल्या, एकमेकांशी काय बोलावे हे न सुचणाऱ्या नातलगांना एकाच क्षणी हसायला लावणारे दुसरे साधन अजून कुणाला सापडलेले नाही.

आईने दुसऱ्या खेपेला अधिक हसावे यात खरे तर आश्चर्य नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ पाठ असलेल्या मराठी माणसाला तरी ते समजावून सांगायला नको. आपण तो चित्रपट पाहतो म्हणजे नटाच्या आधी वाक्य म्हणून टाकतो. पण पडण्याच्या बाबतीत हे जरा विचित्र आहे, कारण विनोद अनपेक्षिताने होतो असे आपल्याला शिकवलेले असते. दरवर्षीच्या पाहण्यात अनपेक्षित काही उरतच नाही. उरते ती वाट पाहण्याची गंमत: इस्त्री कुठे आहे हे आपल्याला माहीत आहे, मार्व्हला माहीत नाही, आणि गेल्या वर्षी इतके लागूनही तो यंदा पुन्हा दोरी ओढणार आहे. नाताळात नवे काहीच नको असते. झाडावरचे गोळे तेच, केक तोच, तंटेही तेच. त्यांत पडणारा माणूसही तोच हवा.

याची सर्वांत शुद्ध तऱ्हा नाताळानंतर सहा दिवसांनी, जर्मनीत पाहायला मिळते. फ्रेडी फ्रिंटन आणि मे वॉर्डन या दोन इंग्रज कलावंतांचे ‘डिनर फॉर वन’ हे सुमारे अठरा मिनिटांचे प्रहसन १९६३ मध्ये तिथल्या एनडीआर वाहिनीने ध्वनिचित्रित केले, आणि वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी ते इंग्रजीतच, भाषांतर न करता, दाखवले जाते. नव्वदीच्या मिस सोफीच्या वाढदिवसाला तिचे चार मित्र आलेले नाहीत, कारण ते केव्हाच वारले आहेत. त्यांच्या वाटणीची दारू म्हातारा बटलर जेम्स पितो आणि वाढायला जाता येता जमिनीवरच्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. आणि मग एकदा तो त्या डोक्याला न अडखळता जातो, आणि स्वतःच थबकून मागे वळून पाहतो. सगळ्यांत मोठे हसू तिथे येते. न पडण्यावर हसायचे असेल तर आधी किती वेळा पडावे लागते, याचे इतके चोख गणित मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पोलंडमध्ये हे स्थान ‘होम अलोन’ला मिळाले आहे. तिथे तो ‘केव्हिन एकटा घरी’ अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो आणि पोलसॅट वाहिनीवर नाताळात लागतो. २०१० मध्ये वाहिनीने तो यंदा दाखवायचा नाही असे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी इंटरनेटवर असा गदारोळ केला की वाहिनीला माघार घ्यावी लागली. साम्यवादी राजवट नुकतीच संपलेल्या देशात नव्वदच्या दशकात पहिल्यांदा पाहिलेले ते भलेमोठे, सजलेले, अन्नाने भरलेले अमेरिकी घर, हेही त्या प्रेमाचे एक कारण असावे असा माझा अंदाज आहे. केबल नुकतीच आलेल्या आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांतही आम्ही ते घर तसेच पाहिले होते. इतक्या खोल्या! आणि त्यांतली एकही कपडे वाळत घालायला वापरलेली नाही.

याच जागी एक आक्षेप उभा राहतो, आणि तो मला पूर्णपणे बाजूला सारता येत नाही. श्रीमंत घराचा मुलगा दोन दरिद्री चोरांना छळतो आणि आपण टाळ्या वाजवतो, हे काय आहे? विनेट्का हे अमेरिकेतल्या श्रीमंत गावांपैकी एक आहे. २०२४ मध्ये ते घर ५२.५ लाख डॉलर मागणीच्या किमतीने बाजारात आले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ हेन्री बर्गसन यांनी १९०० सालच्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात म्हटले आहे की विनोदाला हृदयाची क्षणभराची भूल लागते. ‘होम अलोन’ ही भूल काळजीपूर्वक देतो. चोर केवळ चोर नसतात; लुटलेल्या घरांत नळ उघडे ठेवून ती बुडवणे ही मार्व्हची हौस असते, आणि घरात एकटे लहान मूल आहे हे कळूनही ते येतात. त्यांना गरजेने नव्हे, हावेने आणलेले असते. २०२१ मध्ये याच मालिकेत आलेल्या ‘होम स्वीट होम अलोन’मध्ये लेखकांनी सहानुभूती दाखवायची म्हणून चोरांच्या जागी राहते घर गमवायच्या बेतात असलेले एक सज्जन जोडपे आणले. माणुसकीच्या दृष्टीने हे उदात्त असेल, पण भूल उतरली. त्या दोघांना लागते तेव्हा लागतेच.

१९९२चा दुसरा भाग वेगळ्या कारणाने उणा पडतो. केव्हिन न्यूयॉर्कमध्ये एका घराच्या गच्चीवरून मार्व्हच्या डोक्यात विटा फेकतो. एक, दोन, तीन, चार. माणसे हसतात, मीही हसते, पण विटेला घरात जागा नसते. ती कुणी कपाटातून काढलेली नाही, तिला सणाशी काही देणेघेणे नाही, ती उचलून मारण्यापलीकडे केव्हिनने डोके चालवलेले नाही. पहिल्या भागातला रंगाचा डबा जिन्याच्या कठड्यावरून झोके घेत येतो तेव्हा त्यामागे त्या घराचा जिना असतो, त्याची उंची असते, आणि आपण हा जिना ओळखतो, कारण सुरुवातीला याच जिन्यावरून अकरा मुले धावत होती.

या सगळ्यांहून श्रेष्ठ वाटणारा चित्रपट मी मुद्दाम शेवटासाठी ठेवला आहे. तो मूक आहे, जेमतेम वीस मिनिटांचा आहे, आणि त्यात बर्फाचा एक कणही नाही. १९२९ साली आलेल्या ‘बिग बिझनेस’मध्ये स्टॅन लॉरेल आणि ऑलिव्हर हार्डी कॅलिफोर्नियाच्या रणरणत्या उन्हात दारोदार नाताळची झाडे विकत फिरतात. जेम्स फिनलेसन दार उघडून नको म्हणतो आणि दार लावतो. झाडाची फांदी दारात अडकते. पुन्हा घंटा, पुन्हा नकार. मग कोट अडकतो, पुन्हा घंटा. शेवटी घरमालक कात्रीने झाडाचा शेंडा छाटून टाकतो, आणि लढाई सुरू होते. ती घाईत होत नाही, हे तिचे वैभव. एक जण दुसऱ्याचे नुकसान करतो तेव्हा दुसरा शांतपणे उभा राहून ते पूर्ण होऊ देतो, त्याचा अर्थ पचवतो, आणि मग आपली पाळी घेतो. घड्याळाच्या बदल्यात दाराची चौकट, टेलिफोनच्या तारेच्या बदल्यात मोटारीचा दिवा. फिनलेसन अंगणाबाहेर त्यांची गाडी सुटी सुटी करतो आणि ते दोघे त्याचे घर: खिडक्या, दार, धुराडे, बागेतली झाडे, अखेर पियानो. स्टॅन खिडकीतून फुलदाण्या फेकतो आणि ऑली बाहेर फावड्याने त्या बेसबॉलसारख्या टोलवतो. शेजारी रस्त्यावर जमतात आणि गाडीकडून घराकडे, घराकडून गाडीकडे शिस्तीत फिरत हा सामना पाहतात. एक पोलीस आपल्या गाडीत बसून वहीत नोंदी करत राहतो.

या चित्रपटाला आई, मुलगा, शेजारचा म्हातारा, गायकवृंद यांतले काहीच लागत नाही. सण विकायला आलेले दोन जण आणि तो विकत न घेणारा एक जण, एवढ्यांतच नाताळ आपल्या मूळ रूपात उभा राहतो. विशेष म्हणजे समेटही त्यात आहे. पोलीस शेवटी चौकशीला उतरतो तेव्हा स्टॅन रडू लागतो, मग ऑली, मग घरमालक, मग बघे, आणि अखेर पोलिसाचेही डोळे भरून येतात. सगळे एकमेकांना माफ करतात आणि स्टॅन फिनलेसनला नाताळच्या शुभेच्छा देऊन एक सिगार भेट देतो. पण मागे वळून पाहताना पोलिसाला ते दोघे खुदखुदताना दिसतात. तो त्यांच्या मागे धावतो, आणि उद्ध्वस्त घरासमोर उभा असलेला फिनलेसन सिगार पेटवतो. सिगार फुटतो.